मूकाम्बेतची बाटली

मेलेली माणसं कुठेही जात नाहीत. ती आपल्या आसपासच असतात आणि त्यांना सगळं कळत असतं. हे मी पूर्ण जबाबदारीनं सांगतो.

मूकाम्बेतला जिवंतपणी फारसं काही कळत नसे, ही गोष्ट वेगळी.

ही घटना शंभर टक्के खरी आहे. ऐकीव नाही, माझ्याच बाबतीत घडलेली आहे. दिवस सांगतो, एप्रिलचा तिसरा गुरुवार. जागा सांगतो, ताशबुलाक गावाच्या वर चौदा किलोमीटरवर, सोन्याच्या खाणीचा गाळाचा तलाव. आणि वेळ...

वेळ दुपारी पावणेतीनची.

भुताच्या गोष्टीला रात्र लागते, हे मलाही ठाऊक आहे. पण माझी दिवसपाळी होती. येणाऱ्यानं माझी पाळी बघून यायचं ठरवलं, त्याला मी काय करणार?

आणखी एक. या प्रकरणाची सुरुवात मी डोळ्यांनी पाहिली नाही, नाकानं हुंगली. आणि माझं नाक सोमवारपासून सर्दीनं गच्च बंद होतं.

हसू नका. मला अजून भीती वाटते ती त्याचीच.

माझं नाव ओमुराली. आमच्या खाणीत दगड दळून त्याचं पीठ करतात आणि ते सायनाइडच्या पाण्यात घोळवतात. पाण्यात सोनं उतरतं. ते सोनं साहेब लोक घेऊन जातात. मागे उरतो तो करडा गाळ. तो माझ्याकडे येतो.

बावीस वर्षं माझं काम एकच. त्या गाळातलं विष मारायचं. पत्र्याची शेड, आत तीन टाक्या. खालून हवा सोडायची. वरून गंधकाची पांढरी पूड, चिमूटभर मोरचूद आणि चुना. चुन्यात कुचराई केली की विष पाण्यात न थांबता हवेत येतं आणि मग विष राहतं, आपण मरतो. सगळं नीट झालं की गाळ तलावात सोडायचा.

नीट झालं तर.

त्या वर्षी फेब्रुवारीत घाट एकवीस दिवस बर्फानं बंद होता. पुडीची गाडी आली नाही. खाण मात्र एक तास थांबली नाही. एकवीस दिवसांचा गाळ जसाच्या तसा, जिवंत विषासकट तलावात गेला. वर हातभर बर्फ. उन्हानं थोडंफार विष आपोआप मरतं, पण बर्फाखाली ऊन कुठलं?

एप्रिलमध्ये बर्फ वितळलं आणि तलाव चढू लागला. बांधावर एक लाल खूण आहे. पाणी तिच्यावर गेलं की बांधाचा भरवसा नाही. म्हणून ठरलं, गुरुवारी चार वाजता तळाचा व्हॉल्व्ह उघडून जादा पाणी ओढ्यात सोडायचं.

तो ओढा ताशबुलाकला जातो. गाव तेच पाणी पितं. माझं घर तिथेच. माझी धाकटी बहीणही तिथेच दिलेली आहे, तिची चार पोरं आहेत. शिवाय घोड्या व्यायचे दिवस. गावातल्या सगळ्या घोड्या शिंगरांसकट ओढ्याकाठी.

कागदावर सही माझी. व्हॉल्व्हचं चाक फिरवणारा हातही माझा.

आता मूकाम्बेतबद्दल.

मूकाम्बेत बाइके, म्हणजे मूकाम्बेतदादा, आमचा नमुनेवाला. पाणी सोडण्याआधी तपासायला नमुना काढायचा तो त्यानंच. त्याची एक खास बाटली होती. वोडकाची, अर्ध्या लिटरची. ती रिकामी कशी झाली हे विचारू नका. गळ्याला घोड्याच्या केसांची दोरी, बुडाला लोखंडी वजन आणि बुचाला वेगळा दोरा. तराफ्यावर उभा राहून तो बाटली थेट तळापर्यंत सोडायचा, मग दोरा ओढून बूच काढायचा. वर आल्यावर तराफ्याच्या फळीवर बाटली दोनदा आपटायचा. ठक... ठक... का, ते त्यालाही माहीत नव्हतं.

विषाच्या तलावावर त्यानं तीस वर्षं काढली आणि जानेवारीत मेला तो पुतण्याच्या लग्नात, पाचव्या ताटावर.

त्याला शेवटची आंघोळ घालणाऱ्या चौघांत मी होतो. आमच्याकडे आंघोळ घालणाऱ्यांना मयताच्या वस्तू वाटून देतात. एकाला टोपी मिळाली, एकाला कोट, एकाला बूट. खाणीतल्या त्याच्या कपाटातलं सगळं सामानही घरी आलं होतं, तेही त्या वाटणीत गेलं.

माझ्या वाट्याला बाटली आली.

नको म्हणता येत नाही. नको म्हणणं म्हणजे मेलेल्याचा अपमान. अशा रीतीनं अख्ख्या खाणीत तळाचं पाणी काढायचं जे एकमेव साधन होतं, ते आम्ही श्रद्धेनं वाटून टाकलं. मी ती घरी नेऊन गोठ्यात खिळ्याला टांगली. नव्या साधनासाठी अर्ज केला. अर्ज मंजूर झाला. साधन आलं नाही.

तेव्हापासून प्रयोगशाळेतली साइरा काठावर वाकून बाटली भरायची. वितळत्या बर्फात तराफ्यावर जायला मनाई होती. काठावरून तराफ्यावर चढायची फळीसुद्धा काढून ठेवलेली.

त्या सकाळी तिनं काठचं पाणी तपासलं. त्यात चांदीचं द्रावण थेंबाथेंबानं टाकतात. पिवळ्याचा गुलाबी रंग झाला की थांबायचं. जितके थेंब जास्त, तितकं विष जास्त.

पहिल्याच थेंबाला गुलाबी झालं.

इतकं स्वच्छ पाणी बघून मला संशय आला. पाण्याचा नाही, शेरिमबेकचा. शेरिमबेक आमचा उपव्यवस्थापक, वय चौतीस, बूट कायम चकचकीत. खाणीत ज्याचे बूट चकचकीत, त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही.

पावणेतीन वाजता मी शेडमध्ये एकटाच होतो. तोंडानं श्वास घेत होतो.

आणि अचानक...

वास आला.

गरम तेलाचा. बोर्सोक तळतानाचा. पिठाचे छोटे तुकडे तेलात फुगतात तेव्हा येतो ना, तो.

गुरुवारी आमच्याकडे घरोघर कढई चढते. खाण्यासाठी नाही, वासासाठी. मेलेली माणसं वासावर जेवतात. पण ते गावात. इथे वर कढई नाही, तेल नाही, बाईमाणूस म्हणाल तर एकटी साइरा.

मी नाकाला हात लावला. बंद. दोन्ही बाजूंनी ठार बंद.

मी तसाच प्रयोगशाळेत गेलो.

"साइरा, खरं सांग. काय तळतेयस?"

"बाइके, इथे? शेगडीवर तुमचं सायनाइड ठेवलंय. त्यात तळू?"

"वास येतोय."

"तुम्हाला?" ती हसली. "काल माझे मोजे स्टोव्हवर जळाले. तासभर. तेव्हा तुम्ही शेजारी बसून चहा पीत होतात."

"मग तुला येत नाहीये?"

"नाही."

खोटं बोलत असेल का? मी तिच्याकडे नीट पाहिलं. ती माझ्याकडे नीट बघत होती. तिलाही माझा संशय आलेला दिसला.

मी बाहेर आलो. वास माझ्यापुढे चालत होता. खरंच सांगतो, मागे नाही, पुढे. बांधाच्या दिशेनं.

काठावर बदकं हुसकवायची गॅसची तोफ आहे. दर चार मिनिटांनी धडाड करते. इतक्या वर्षांत आम्हाला ती ऐकूच येईनाशी झालीय. ऐकू येते ती बंद पडल्यावर.

ती बंद पडली.

मी घड्याळ बघितलं. चार मिनिटं. पाच. सात...

वारा नाही. पंपाचा आवाज नाही. तलावावर चक्रवाकांची एक जोडी बसली होती. तीही गप्प.

आणि मग...

ठक... ठक...

तराफ्यावरून.

तराफा काठापासून तीस पावलांवर. मध्ये बर्फाचे तुकडे तरंगत होते. फळी काठावर पडलेली, कोरडी. तराफ्यावर माणूस नव्हता.

मागे पावलं वाजली. मी ओरडलोच.

"काय झालं बाइके?" साइरा होती. कोट न घालताच आली होती.

"तू ऐकलंस?"

"तोफ बंद झाली ते ऐकलं."

"ते नाही. ठक ठक."

ती तराफ्याकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "ते कठड्याला काय लटकतंय?"

तराफा लोखंडी तारेनं काठाला बांधलेला असतो. आम्ही दोघांनी चक्र फिरवून तो ओढून आणला. चक्राची मूठ माझ्या हातून दोनदा सुटली. थंडीनं, असं मी साइराला सांगितलं.

कठड्याला घोड्याच्या केसांची दोरी होती. दोरीला बाटली. भरलेली, बूच लावलेली, पाणी गढूळ. गळ्याजवळचा टवका मी ओळखला. गाठ तर ओळखलीच. मूकाम्बेत डावखुरा होता.

तिथे तेलाचा वास इतका दाट होता, की मला भूक लागली. हे सांगायला लाज वाटते, पण खरं तेच सांगतोय.

साइरानं बूच जरासं सैल केलं आणि झटकन तोंड फिरवलं.

"हुंगू नका! जर्दाळूच्या बियांचा वास येतोय. कडू."

तो वास मला येत नाही. सायनाइडचा वास काही माणसांना जन्मतःच येत नाही, मी त्यांतला. बावीस वर्षं मला विषाशेजारी बसवलं, त्यात कुणाला काही वावगं वाटलं नाही.

"ही बाटली तू आणलीस?" मी विचारलं.

"ती तुमच्या गोठ्यात असते ना? मग तुम्ही आणलीत."

"मी नाही."

"मग मीही नाही."

आम्ही एकमेकांवर संशय घेत घेतच प्रयोगशाळेत गेलो. तिनं एक थेंब टाकला. पिवळं. दोन... पिवळं. पाच... नऊ... चौदा...

पिवळंच.

एकोणिसाव्या थेंबाला गुलाबी झालं. साइरा खाली बसली. "काठाला वितळलेल्या बर्फाचं पाणी आहे," ती म्हणाली. "नुसतं वर तरंगतंय. मी बर्फ तपासत होते, बाइके. विष सगळं खाली आहे. व्हॉल्व्ह तळाचाच आहे ना?"

"तळाचाच."

"माझी आई आत्ता ओढ्यावर असेल. गुरुवारी गोधड्या धुते."

तीन वाजून वीस मिनिटं झाली होती.

शेरिमबेकनं सगळं शांतपणे ऐकलं. मग फॉर्म पुढे ओढला.

"नमुना कुणी घेतला?"

"माहीत नाही."

"या रकान्यात 'माहीत नाही' लिहू?"

"हात मूकाम्बेतचा वाटतो," मी म्हणालो.

"मूकाम्बेत जानेवारीपासून पगारावर नाही, बाइके."

"म्हणून तर फुकटात करून गेला."

"चेष्टा पुरे. बाटली तुमच्याकडे होती. पाणी तुम्ही गिरणीच्या टाकीतून भरलंत. मला सगळं कळतं. तुम्हा जुन्या लोकांच्या मी डोळ्यांत खुपतो. तिकडे बांध फुटला तर गावाला पाणी पाजायचा प्रश्नच उरणार नाही. चार वाजता व्हॉल्व्ह उघडतोय. तुम्ही नाही उघडला तर मी उघडेन."

खरं सांगायचं तर तो चुकीचं बोलत नव्हता. पाणी लाल खुणेपासून वीतभर खाली होतं. पण माझ्या डोळ्यांसमोर बहिणीची पोरं होती. धाकटी ओढ्याला तोंड लावून पाणी पिते, कितीही रागवा.

"साहेब, मग तुमच्यासमोर नमुना घेतो," मी म्हणालो. "हीच बाटली, धुऊन. चला तराफ्यावर."

"तराफ्यावर जायला मनाई आहे."

"सही तुमचीच आहे त्या मनाईवर. बूट खराब होतील म्हणून भिताय का?"

तो लाल झाला. पण आला.

फळी टाकून आम्ही दोघं तराफ्यावर चढलो. साइरानं काठावरून तार सैल सोडली, तराफा पुन्हा आत सरकला. मी बाटली सोडली. दोरी हातातून सरकत गेली. एक वाव... दोन... तीन...

आणि थांबली.

तळ चार वावांवर आहे. ही तीनवरच थांबली. खालून कुणी हळूच धरावी तशी.

"काय झालं?" शेरिमबेकनं विचारलं.

 दोरी आता पुन्हा खाली चालली होती. मी सोडत नव्हतो. ती माझ्या हातातून कुणीतरी घेत होतं. सावकाश. अनुभवी माणसासारखं.

मग बाटली टेकली. बुचाचा दोरा माझ्या डाव्या हातात होता, ढिला. मी तो ओढणार, एवढ्यात...

बुडबुडे आले.

बूच निघालं होतं. मी न ओढता.

शेरिमबेकनं ते पाहिलं. तो माझ्या हाताकडे बघत होता, मग पाण्याकडे, पुन्हा हाताकडे.

"तुम्ही ओढलात," तो म्हणाला.

"नाही."

"ओढलात, बाइके. ओढलात म्हणा." आवाज लहान झाला होता.

"बरं. ओढलं."

थेंब त्यानं स्वतः टाकले, साइराला हात लावू दिला नाही. तोंडानं मोठ्यानं मोजत होता. अठराला आवाज चिरकला. एकोणिसाव्याला गुलाबी झालं.

त्यानं नळी खाली ठेवली. मग फॉर्म घेतला, नमुना घेणाऱ्याच्या रकान्यात स्वतःचं नाव लिहिलं आणि म्हणाला, "व्हॉल्व्हला कुलूप लावा."

चारला सहा मिनिटं कमी होती.

पुढचे तीन दिवस खाणीतला प्रत्येक माणूस बांधावर मातीची पोती टाकत होता. खाणही थांबवली, बावीस वर्षांत पहिल्यांदा. तळाचं पाणी पंपानं उलटं ओढून आम्ही टाक्यांतून काढत होतो. हवा, पूड, मोरचूद, चुना. शेरिमबेकही पोती उचलत होता. त्याचे बूट कुठे गेले, कळलं नाही. पाणी लाल खुणेच्या दोन बोटं वर चढलं आणि थांबलं. बांध राहिला. ओढ्यात एक थेंब गेला नाही.

इथे गोष्ट संपायला हवी होती.

गुरुवारी संध्याकाळीच मी घरी फोन केला होता. माझी बायको अनारकान गोठ्यात दूध काढत होती.

"खिळ्याला मूकाम्बेतची बाटली आहे का?"

"आहे की."

"नीट बघ."

"अहो, बाटलीच आहे ती. बघायला काय ती नवरी आहे?" मग ती थांबली. "फक्त... ओली आहे. खाली थेंब पडतायत."

"हात लावू नकोस! गाय बाहेर काढ. आधी गाय बाहेर काढ!"

मी धावत प्रयोगशाळेत गेलो. दोन्ही तपासण्या झाल्यावर साइरानं बाटली कपाटात ठेवून कुलूप लावलं होतं. किल्ली तिच्या गळ्यात. तिनं कपाट उघडलं.

आत बाटली नव्हती.

फळीवर एक ओलं वर्तुळ होतं.

तेव्हापासून मी सगळ्यांवर संशय घेऊन पाहिलाय. साइरावर आधी. ती ताशबुलाकची. मनाई मोडून पहाटे ती तराफ्यावर गेली असेल, आणि नोकरी जाईल म्हणून बोलत नसेल. तिची आई आणि अनारकान यांची चाळणी आठवड्यातून दोनदा या घरची त्या घरी जाते. बाटली का जाणार नाही? मी तिला तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तिनं भाकरीवर हात ठेवून शपथ घेतली. आमच्याकडे भाकरीची खोटी शपथ कुणी घेत नाही.

अनारकाननंही घेतली. पण माझं खोगीर भावाला देऊन तीन वर्षं गप्प बसलेली बाई ती. तिच्या शपथेवर मी किती भरवसा ठेवू?

बरं, धरून चाला, दोघींनी मिळून केलं. मग दोरी खालून कुणी ओढली? आणि त्या दुपारी रिकाम्या तराफ्यावर ठक ठक केलं कुणी, आणि चारनंतर ती चौदा किलोमीटर खाली नेली कुणी? रस्त्यावर त्या दिवशी एकही गाडी उतरली नव्हती. मी चौकीवर जाऊन विचारलंय.

शेवटी मी मूकाम्बेतच्या बायकोकडे गेलो. बूरुल झेंगेकडे, म्हणजे वहिनीकडे. तिला कळायला हवं, असं वाटलं. मी टोपी काढून बसलो आणि सगळं सांगितलं. वास, ठक ठक, एकोणीस थेंब, बुडबुडे. "झेंगे," मी म्हणालो, "तुमच्या नवऱ्यानं अख्खं गाव वाचवलं." 

ती ऐकत होती. डोळे कोरडे. दाराबाहेर ओढ्याचा आवाज येत होता, काठावर घोड्या चरत होत्या.  मला वाटलं, आता ही रडणार. किंवा त्याच्याविषयी काही सांगणार, जे कुणाला ठाऊक नाही.

तिनं खिडकीतून एका तांबड्या घोडीकडे बोट दाखवलं.

"ती तांबडी मला दूध काढू देत नाही, ओमुराली. काल लाथ मारली. तो तिच्या कानात काहीतरी बोलायचा, मग ती उभी राहायची. पुन्हा आला, तर तो काय बोलायचा तेवढं विचारून घेशील?"